उजव्या गुडघ्याचा नमुना

कारखान्याच्या कागदोपत्री त्या खात्याला काहीतरी लांबलचक नाव होते; कामगार मात्र त्याला सरळ फाडखाते म्हणत. शिलाईखात्यात जीनची नवीकोरी पँट तयार होई, तिचे टाके तपासले जात, बटणे ओढून पाहिली जात, आणि ती सर्व बाजूंनी निर्दोष आहे असा शिक्का बसला की मग ती फाडण्यासाठी मास्तरांच्या टेबलावर येई. टेबलाच्या मागे भिंतीवर तक्ता टांगलेला असे. डावा गुडघा, बाहेरच्या शिवणीपासून तीन बोटे आत, चार बोटांची फाट. निळे उभे धागे तोडायचे, पांढरे आडवे तसेच लोंबते ठेवायचे. मांडीवर पॉलिश पेपरने नऊ वेळा घासायचे, दहा वेळा नाही. मागच्या महिन्यात एका गठ्ठ्यातल्या सतरा पँटी तपासणीतून परत आल्या होत्या, कारण त्यांची फाट अर्धे बोट लांब होती. त्या सतरांवर 'सदोष' असा लाल शेरा होता. मास्तरांनी तो शेरा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. फाटक्या पँटीतही फाटकी म्हणून बाद होणारी पँट असते, हे पाहायला आपण बासष्ट वर्षे जगलो, असे त्यांना वाटले.

ज्या माणसाने विशीत 'चांगले कपडे घालणार नाही' अशी जाहीर शपथ घेतली, त्यालाच म्हातारपणी चांगले कपडे मापात फाडायची नोकरी मिळावी, यात कुणाचा तरी डाव आहे असा मास्तरांना दाट संशय होता. पण डाव रचणारा कोण हे काही त्यांना ठरवता येत नव्हते. देव त्यांनी त्याच शपथेत निकालात काढला होता.

त्या काळी ते पाचजण होते आणि त्यांच्या संघटनेचे नाव 'नकार मंडळ' होते. मंडळाला अध्यक्ष नसावा हा पहिला ठराव. आणि कुणी अध्यक्ष होऊ नये यावर लक्ष ठेवण्यासाठी एक अध्यक्ष नेमावा हा दुसरा. केस वाढवायचे, कपड्यांना इस्त्री करायची नाही, कुणालाही साहेब म्हणायचे नाही. पाचांचे केस सारखेच खांद्यापर्यंत आल्यावर, हीसुद्धा एक शिस्तच झाली असा आक्षेप निघाला. त्यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी एका सभासदाने मंडळाच्या वतीने डोक्याचा गोटा केला. मास्तरांचे वडील शिंपी. त्यामुळे पाचांच्या पँटी मास्तरांनीच शिवल्या, निळ्या जीनच्या एकाच ताग्यातून, एकाच बेताच्या, तळाशी हाताने घातलेल्या रुंद मुडपीच्या. जगात कुणासारखे दिसायचे नाही म्हणणारे ते पाचजण रस्त्याने निघाले की बँडपथकातले वादक चालल्यासारखे दिसत. मास्तरांचे अक्षर वळणदार म्हणून ठरावांची वही त्यांच्याकडे असे आणि मंडळात त्यांना सगळे 'चिटणीस' म्हणत.

मंडळाचा प्राण मात्र 'वकील'. तो कायद्याचा विद्यार्थी नव्हता. पण कुणी 'पाऊस पडतोय' म्हटले तरी 'पडतोय की पाडला जातोय?' असे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून वकील. आणि मास्तरांच्या टेबलावर आज हे सगळे पुन्हा येण्याचे कारणही वकीलच होता. खरे म्हणजे, वकिलाची पँट.

मुख्य कचेरीतून एक तरुण डिझायनर दर पंधरवड्याला कारखान्यात येई. तिच्या डोक्याची डावी बाजू भादरलेली, उजवीकडचे केस हिरवे, आणि मनगटावर 'नाही' असे गोंदवलेले. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. ती मास्तरांना काका म्हणायची. एकदा तिने त्यांना सहज सांगितले की त्यांच्या कचेरीत शुक्रवारी मनाला येईल तसे कपडे घालून यायचे असते.

"आणि एखाद्याच्या मनाला साधा शर्ट आला तर?" मास्तरांनी विचारले.

"मग वरचे विचारतात ना, काका. तू आमच्यात मिसळत नाहीस का म्हणून. मागच्या शुक्रवारी एकाला मेल गेला."

"हजेरी घेतात?"

"फोटो घेतात."

मास्तर हसले, पण ती हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळे पट्टे होते. पुढच्या हंगामासाठी तिला 'खऱ्या बंडखोराची' पँट हवी होती. आणून दिलेले सगळे नमुने वरच्यांनी 'यात आत्मा नाही' म्हणून परत पाठवले होते, आणि आणखी एकदा परत आले तर तिच्या जागी दुसरे कुणी येणार होते.

"तुम्ही तरुण होतात तेव्हा असलं काही घालायचात का हो, काका?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मास्तरांना कुणी विचारला नव्हता. बायकोने तो कधी विचारला नाही आणि आता ती नव्हती. मुलीला तर या विषयाचा तिटकारा. मास्तरांच्या आत कुठेतरी कुलूप लावलेले दार होते. त्याला नुसते बोट लागले आणि ते सताड उघडले. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत, लोंबत्या धाग्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी तिला सगळे सांगितले. म्हणजे, जवळजवळ सगळे.

परीक्षेला बसायचे तर केस कापून, कॉलरचा शर्ट घालूनच यावे असा कॉलेजने फतवा काढला. मंडळाने परीक्षेवर बहिष्काराचा ठराव केला आणि पाचजण फाटकाबाहेर बसले. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला वकील उठला आणि भाल्यांसारखी टोके असलेल्या त्या लोखंडी फाटकावरून चढून आत उडी मारता झाला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. शत्रूच्या गोटात घुसला! प्रत्यक्षात तो पेपर लिहायला गेला होता. महिनाभर तो बहिणीच्या खोलीत चोरून अभ्यास करत होता, हे नंतर उघडकीला आले. उतरताना गंजक्या टोकात त्याचा उजवा गुडघा अडकला. पँट फाटली आणि गुडघाही.

"मग?" डिझायनर फोनवर सगळे टिपून घेत होती.

"मग काय. कॉलेजच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, आधी माफीच्या कागदावर सही कर, मग इंजेक्शन. आम्ही तिथल्या तिथे बैठक घेतली. ठराव क्रमांक अकरा. आणि घोषणा दिली: सही नाही, सुई नाही!"

"वॉव. ही कुणाची?"

"माझीच," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या पाठीचा कणा किंचित ताठ झाला. "गावभर गाजली. आठवड्याभरानंतर मला वकील रस्त्यात भेटला, तीच फाटकी पँट घालून, सरकारी दवाखान्याच्या वळणावर. मी समोरच्या फुटपाथवरून हात वर करून ओरडलो, सही नाही! तोही थबकला, हसला आणि ओरडला, सुई नाही! मग दोघं चहाला गेलो. दुकानदाराने फुकट पाजला."

"किती ऑथेंटिक होतात हो तुम्ही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच हेवा होता. "ती पँट आहे अजून?"

ती पँट होती. पण वकील नव्हता. चहाच्या त्या दिवसानंतर दोनच दिवसांत त्याचा जबडा धरला. धनुर्वात. जन्मभर ज्याने समोरच्याला शेवटचा शब्द मिळू दिला नाही, त्याचे दात एकमेकांवर असे बसले की पाण्याचा चमचाही आत जाईना. पाचव्या दिवशी सगळे संपले. मंडळाची वही त्यानंतर कधी उघडली गेली नाही. एवढे मास्तरांनी डिझायनरला सांगितले नाही. ती इतक्या आनंदात होती, आणि तेही.

वकिलाची थोरली बहीण तेव्हापासून एकटीच राहत होती. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, दोन खोल्यांचे घर, खिडकीत कुंड्या. मास्तर वर्षातून एकदोनदा तिच्याकडे जात, इकडचे तिकडचे बोलत आणि उठत. अकराव्या ठरावाबद्दल तिला काय माहीत आहे आणि काय नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचे धाडस त्यांना कधी झाले नव्हते. या वेळी मात्र ते पँट मागायला गेले.

"कशाला हवी तुला ती?" तिने विचारले.

"ताई, नव्या मुलांना दाखवायचीय. आपण काय होतो ते."

"काय होतात?" ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नुसता प्रश्न, ते मास्तरांना कळले नाही. तिने पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. पेटीत पँटीशिवाय दुसरे काही नव्हते. पँट बाहेर काढून तिने मांडीवर ठेवली, तळाच्या मुडपीवरून एकदा बोट फिरवले आणि मग ती त्यांच्या हातात दिली.

"चार दिवस हं, चिटणीस. आणि धुऊ नकोस. काही झालं तरी धुऊ नकोस."

"छे छे! धुवायची कशाला?"

त्या चार दिवसांत मास्तरांनी जन्मात केले नव्हते असे काम केले. गोदामाच्या तळाशी जुन्या जाड कापडाचा तागा निघाला. वरच्यांकडे दाखवायला चाळीस पँटी हव्या होत्या, त्या त्यांनी यंत्रावर कुणाला बसू न देता स्वतः शिवल्या, मुडपीही हाताने घातली. आपलाच जुना बेत, आपलाच जुना टाका. हाताला सगळे आठवत होते. डिझायनरने भंगारातून पितळी बटणे शोधून आणली. आणि फाट! ती फाट त्यांनी भिंग लावून वाचली, पोथी वाचावी तशी. टोक कुठे शिरले, कुठे तिरके झाले, कोणता धागा ताणून तुटला आणि कोणता कापला गेला. गंजाचा डाग चहाच्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकून साधला. चाळिसावी पँट टेबलावर पसरली तेव्हा डिझायनरच्या डोळ्यांत पाणी आले.

"काका, यात आत्मा आहे."

मास्तरांनी पँटीची घडी सारखी केली. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी इतके चांगले म्हटले नव्हते.

घरी मात्र याचे कौतुक नव्हते. त्यांची मुलगी पहाटे उठून व्यायाम करी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घाली, आणि सरकारी खात्यात कायमच्या नोकरीसाठी परीक्षांवर परीक्षा देई. ती पंधरा वर्षांची असताना मास्तरांनी तिला केस रंगवायचे सुचवून पाहिले होते. "कालच धुतलेत, कशाला?" ती म्हणाली होती. बापाला नावाने हाक मार, निदान अरेतुरे कर, असे त्यांनी तिला लहानपणापासून शिकवले. ती हट्टाने 'अहो बाबा' म्हणत राहिली. बंडखोराच्या पोटी मुलगी बंडखोर निघाली ती अशी, आणि बापाला तक्रार करायला जागा उरली नाही.

"म्हणजे आता तुमच्या बंडाचे चाळीस नग काढले तर," चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली. "आणि विकणार कुणाला? माझ्या परीक्षेच्या क्लासमधली मुलं घेतील. त्यांचे वडील पैसे देतील."

"तुला नाही कळायचं. ती पँट म्हणजे एक माणूस आहे."

"मग माणूस परत कधी करणार? आज चौथा दिवस आहे."

"उद्या."

"चौथा आज आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खात्यात आले तेव्हा टेबल रिकामे होते.

घडले ते इतके साधे होते की कुणावर ओरडावे हेही कळेना. खुणेसाठी मूळ पँटीच्या कमरपट्ट्याला मास्तरांनी लाल दोरा बांधला होता. आदल्या संध्याकाळी ते गेल्यावर डिझायनरने सगळ्या पँटींचे फोटो घेतले. फोटोत दोरा दिसायला नको म्हणून तो सोडला आणि पँट ढिगावर ठेवली, पुन्हा बांधायचा म्हणून दोरा स्वतःच्या मनगटाला गुंडाळला, आणि तेवढ्यात वरच्यांचा फोन आला. कारखान्याचा नियम असा की टेबलावरचा तयार गठ्ठा सकाळच्या पाळीत धुलाईला जातो. एकेचाळीस पँटी दगडांसह यंत्रात फिरल्या, औषधाच्या पाण्यातून निघाल्या, गरम हवेत सुकल्या आणि फिनिशिंगला लेबल लागून बाहेर आल्या. पितळी खिळ्यांनी बसवलेल्या लेबलावर छापले होते: सही नाही, सुई नाही.

डिझायनर समोर उभी होती. लाल दोरा अजून तिच्या मनगटावर होता, 'नाही'च्या बरोबर वर.

"काका, सॉरी. मला वाटलं तुम्ही बघताच ओळखाल. तुमचीच तर आहे."

"ओळखेन," मास्तर म्हणाले. "किती वेळ आहे?"

"गाडी अकराला निघते. तासभर. एक ठेवून घ्या, चाळीसच जायच्यात. पण त्याहून जास्त नाही ठेवता येणार मला."

त्यांनी एकेचाळीस पँटी लांब टेबलावर ओळीने पसरल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. कापड पाहिले. चाळीस वर्षे पेटीत राहून कापडाला जे आले होते, ते दगडांनी बाकीच्या चाळिसांना पाऊण तासात आणून दिले होते. टाका पाहिला. टाका त्यांचाच होता. विशीतला कोणता आणि बासष्टीतला कोणता हे त्यांना सांगता येईना. हात सुधारला नव्हता आणि बिघडलाही नव्हता. नाकाशी धरून पाहिली, सगळ्यांना धुलाईच्या औषधाचा वास. मग त्यांनी फाट पाहिली. एकेचाळीस ठिकाणी तेच टोक शिरले होते, त्याच जागी तिरके झाले होते, तोच धागा ताणून तुटला होता. चूक शोधायला बसावे आणि एकही सापडू नये, असे कामगिरीचे शिखर त्यांनी गाठले होते.

त्यांनी मुलीला फोन लावला. का लावला ते त्यांनाही सांगता आले नसते. तिने सगळे ऐकून घेतले. चिडेल असे त्यांना वाटले होते. पण ती चिडली नाही.

"ताईआत्यांना फोन करा," ती म्हणाली. "विचारा, काही खूण आहे का. आत कुठे काही शिवलंय, लिहिलंय. असतं काहीतरी. बायका जुनी वस्तू ठेवतात तेव्हा असतं."

"काय तोंडाने विचारू? हरवली म्हणून सांगू?"

"हरवली नाहीये अजून. गाडी अकराला आहे ना? आत्ता करा. बाबा, लाज नंतर वाटून घ्या."

मास्तरांनी फोन ठेवला. ताईंचा नंबर काढला. त्यावर अंगठा ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. तिकडून ती म्हणणार, 'धुतलीस?' आणि त्यापुढे काय बोलायचे हे त्यांना सुचेना. घड्याळ पुढे सरकत होते. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला, पुन्हा ओळीपाशी गेले, आणि सव्विसाव्या पँटीपुढे थांबले. तिच्या फाटेत काहीतरी होते. एक पांढरा धागा जरा जास्त सैल लोंबत होता; वकिलाच्या बोलण्यासारखा. हीच, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणि म्हटल्याबरोबर खात्री वाटू लागली, जशी ठराव मंजूर झाल्यावर वाटायची.

अकरा वाजता चाळीस पँटी गेल्या. मास्तरांनी पकडीने सव्विसाव्या पँटीचे लेबल उपटले, खिळ्यांची भोके नखाने दाबून बुजवली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते निघाले.

ताई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. पँट तिच्या हातात देताना मास्तर म्हणाले, "ताई, रागावू नकोस. कारखान्यात चुकून धुतली गेली."

तिचा हात थांबला. पण ती रागावली नाही. झारी खाली ठेवली, पदराला हात पुसले, पलंगावर बसली आणि पँट उलटी करून उजव्या पायाची मुडपी चिमटीत धरून चाचपू लागली. एकदा पूर्ण फेरी झाली. मग तिने पुन्हा सुरुवातीपासून चाचपली. मग उठून कात्री आणली.

"काय करतेस?"

"थांब जरा." तिने एकेक टाका उसवला. मुडपी सुटली आणि तिची जुनी घडी उलगडून लांब पट्टीसारखी लोंबली. आत काही नव्हते. डावी मुडपीही तिने उसवली. तिच्यातही काही नव्हते.

"यात चिठ्ठी होती," ताई म्हणाली. "दहा बारा दिवसांनी कपडे आवरले तेव्हा मला खिशात सापडली. मग मीच मुडपीचे दोन टाके उसवून ती आत सरकवली आणि तुझ्यासारखेच टाके घालून बंद केली. आईच्या हाती पडायला नको म्हणून."

"कसली चिठ्ठी?"

"सरकारी दवाखान्याची. केसपेपर. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं असं लिहिलेलं, डॉक्टरची सही होती. तो गेला होता रे, चिटणीस. आम्हाला कुणाला न सांगता गेला होता. पेपर द्यायला गेला ना चोरून, तसाच. तारीख होती त्यावर, दुखायला लागायच्या दोन दिवस आधीची. नुसतं समोरच्या खिडकीत जाऊन सुई टोचून घ्यायची होती. आणि हा चिठ्ठी खिशात घालून परत आला." तिने रिकामी पट्टी बोटांभोवती गुंडाळली आणि सोडली. "का परत आला असेल, ते मला आजतागायत कळलं नाही. रोज विचार करते असं नाही. पण करते."

मास्तरांना दवाखान्याचे वळण दिसले. उन्हात उभा असलेला वकील, एक हात खिशात. तो थबकला होता. हे तर त्यांनी स्वतःच, कौतुकाने, डिझायनरला सांगितले होते: तोही थबकला, हसला. त्या थबकण्यात काय होते ते चाळीस वर्षे त्यांच्याजवळ पडून होते आणि त्यांनी ते कधी उघडून पाहिले नव्हते. समोरच्या फुटपाथवरून आपण हात वर केला, आणि पुढचे दोन शब्द त्याला म्हणावे लागले.

"धुतल्यावर कागद विरघळला असेल, नाही?" ताईने विचारले. तिचा आवाज आता शिक्षिकेचा नव्हता. "चाळीस वर्षांचा कागद तो. पाण्यात काय टिकणार?"

मास्तर शिंपी होते. बंद मुडपीत अडकलेला कागद धुतला तर त्याचा लगदा होतो, गोळा होतो, सुकून खड्यासारखा कडक होतो, पण बाहेर जात नाही. जायला वाटच नसते. हजारो कपडे त्यांच्या हाताखालून गेले होते. एकेचाळीस पँटींच्या मुडपींवरून नुसते बोट फिरवायला त्यांना दहा मिनिटे लागली असती. सकाळी एक फोन केला असता तर.

"हो," ते म्हणाले. "विरघळला असेल."

"म्हणजे ही तीच."

"तीच."

तिने मान हलवली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. मग तिने शिवणाचा डबा ओढला, निळा दोरा काढला आणि सुई त्यांच्यापुढे धरली.

"घाल बाबा पुन्हा टाके. माझं आता दिसत नाही नीट. तुझाच हात आहे, तुझाच शोभेल."

मास्तरांनी खिडकीच्या उजेडात सुई धरली. पहिल्यांदा दोरा बाहेरूनच गेला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ओवला गेला. रिकामी पट्टी त्यांनी जुन्या घडीवर दुमडली, अंगठ्याने दाबून सारखी केली, आणि ते शिवत गेले, सावकाश, बाहेरून एकही टाका दिसू नये असे.

"ते काय म्हणायचा रे तो, पडल्या पडल्या?" ताईने मध्येच विचारले. "दात बसेपर्यंत म्हणत होता. सही नाही, असं काहीतरी. कुणाचं होतं ते?"

मास्तरांनी मान वर केली नाही. शर्टाच्या खिशात पकडीने उपटलेले लेबल होते. त्याचा कोपरा छातीला टोचत होता.

"मंडळाचं," ते म्हणाले. "सगळ्यांचं मिळून."

आणि त्यांनी पुढचा टाका घातला.